दिओतालेव्हीचे आजोबा कोण होते?

'ब्रेकिंग बॅड' पाहिलेला माणूस गस फ्रिंगला विसरत नाही. पिवळा शर्ट, टाय, तळलेल्या चिकनचं दुकान आणि आवाज जराही न चढवता समोरच्याच्या पोटात गोळा आणणारं ते बोलणं. ही भूमिका करणाऱ्या नटाचं नाव जियानकार्लो एस्पोझितो. जन्म कोपनहेगनमधला, वडील नेपल्सचे, आई अमेरिकेतल्या अलाबामाची कृष्णवर्णीय ऑपेरा गायिका. वडिलांकडून आलेलं हे आडनाव इटलीत सर्वांत जास्त आढळणाऱ्या पहिल्या पाच आडनावांपैकी एक आहे. रोस्सी, रुस्सो, फेर्रारी यांच्या पंक्तीतलं. नेपल्स आणि भोवतालच्या काम्पानिया प्रांतात तर पावलोपावली एस्पोझितो भेटतात.

रोस्सी आणि रुस्सो ही लाल केसांवरून किंवा तांबूस वर्णावरून पडलेली आडनावं. फेर्रारी म्हणजे लोहार. एस्पोझितोमध्ये मात्र ना रूप आहे, ना धंदा, ना गाव. तो शब्द लॅटिन 'एक्सपोझितुस'वरून आला. अर्थ, बाहेर ठेवलेला.

नेपल्समध्ये सांतिस्सिमा अन्नुन्झियाता नावाची जुनी धर्मादाय संस्था होती. तिच्या भिंतीत एक लाकडी फिरतं पिंप बसवलेलं होतं. रस्त्यावरून कुणीतरी यायचं, पिंपाच्या उघड्या बाजूत तान्हं मूल ठेवायचं, घंटा वाजायची, आतली बाई पिंप फिरवून मूल आत घ्यायची. बाहेर कोण होतं हे आतल्यांना दिसत नसे, आणि न दिसावं यासाठीच ती रचना होती. मुलाची नोंद वहीत व्हायची. अंगावर काय कपडे होते, सोबत काही खूण होती का, वय अंदाजे किती. नावाच्या रकान्यात काहीतरी लिहायलाच लागायचं, म्हणून लिहिलं जायचं एस्पोझितो. हे पिंप १८७५मध्ये कायमचं बंद झालं, पण ते आजही तिथं पाहायला मिळतं.

बाकीच्या शहरांनी आपापली सोय लावली होती. मिलानमधल्या मोठ्या रुग्णालयाच्या चिन्हात कबुतर होतं, म्हणून तिथली मुलं कोलोम्बो झाली. ही पद्धत १८२५पर्यंत चालली आणि मिलानमध्ये कोलोम्बो हे अगदी नेहमीचं आडनाव होऊन बसलं. फ्लॉरेन्समध्ये ब्रुनेलेस्कीनं आराखडा केलेलं 'ओस्पेदाले देल्यी इन्नोचेंती', म्हणजे निष्पापांचं रुग्णालय, १४४५मध्ये सुरू झालं. तिथली मुलं इन्नोचेंती किंवा नोचेंतिनी. रोममध्ये प्रोयेत्ती, म्हणजे फेकलेले. बोलोन्यात देल्यी एस्पोस्ती. शहराप्रमाणे शब्द वेगळा, पण त्यातून कळायची गोष्ट एकच.

मी ज्या प्रकारच्या सॉफ्टवेअरवर काम करते तिथं याला डीफॉल्ट व्हॅल्यू म्हणतात. रकाना रिकामा ठेवता येत नाही, खरी माहिती हातात नाही, मग ठरावीक काहीतरी भरून पुढं जायचं. एस्पोझितो हे आडनाव इतकं पसरलं याचं उत्तर या डीफॉल्टमध्ये आहे. एका मूळ पुरुषाला खूप नातवंडं झाली म्हणून ते पसरलेलं नाही. शेकडो वर्षं, हजारो वेळा, एकमेकांशी कसलंही नातं नसलेल्या मुलांपुढं तोच शब्द लिहिला गेला. आडनावांचा नकाशा दाखवणाऱ्या एखाद्या वेबसाइटवर एस्पोझितो टाकलं, तर नेपल्सभोवती लालभडक ठिपका दिसेल. बघणाऱ्याला वाटतं, अरे वा, केवढं मोठं घराणं! तो ठिपका घराण्याचा नाही, एका इमारतीचा आहे.

बाहेर ठेवलेल्या मुलांपैकी कितीतरी मुलं वर्षभरसुद्धा जगत नसत. जी जगली, त्यांच्यापुढं आयुष्यभर तो शब्द चालला. डेव्हिड कर्टझर या अभ्यासकानं 'सॅक्रिफाइस्ड फॉर ऑनर' (१९९३) या पुस्तकात दाखवलं आहे, की एकोणिसाव्या शतकातल्या इटलीत अविवाहित आयांवर मूल सोडण्यासाठी चर्चचा आणि शासनाचा केवढा दबाव असे. म्हणजे 'आईनं टाकलं' हे वाक्यही अनेकदा पूर्ण खरं नसतं. आणि त्या मुलाच्या नावात मात्र तेवढंच उरतं.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला नेपल्सवर फ्रेंचांचं राज्य असताना सरसकट एस्पोझितो लिहिण्यावर बंदी आली, कारण ते आडनाव म्हणजे कपाळावरचा शिक्का झाला होता. मग कारकुनांना डोकं चालवावं लागलं. महिना, वार, संत, फूल, गुण, जे सुचेल ते. इटलीचा २०००चा नागरी नोंदणीचा नियम आणखी पुढं जातो. ज्या मुलाचे आईवडील माहीत नाहीत, त्याला ते उघड करणारं नाव किंवा आडनाव देता येत नाही. शिवाय इतिहासात गाजलेलं किंवा त्या भागात प्रसिद्ध असलेल्या घराण्याचं आडनावही देता येत नाही. कारकुनानं असं नाव शोधायचं, की वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळू नये.

हे सगळं सांगायचं कारण एक कादंबरी आहे, आणि तिचा लेखक.

*

उंबेर्तो एको (१९३२–२०१६) आपल्याकडे ओळखला जातो तो 'द नेम ऑफ द रोज'मुळं. इटालियनमध्ये 'एको' या शब्दाचा साधा अर्थ प्रतिध्वनी. पण आडनावाबद्दल तो वेगळीच गोष्ट सांगायचा. त्याचे वडिलांकडचे आजोबा सापडलेलं मूल होते आणि त्यांना हे आडनाव कुणा सरकारी कारकुनानं दिलं. पुढं एका मित्राला व्हॅटिकनच्या ग्रंथालयात जेझुइटांनी वापरलेल्या संक्षेपांची यादी सापडली. तिच्यात 'एक्स चेलिस ओब्लातुस' असा लॅटिन शब्दसमूह होता. अर्थ, स्वर्गातून आलेली भेट. रोमन लिपीतली त्याची तीन आद्याक्षरं जोडली की एको होतं.

सुंदर गोष्ट आहे. इतकी सुंदर, की एकोच्याच वाचकाला तिचा संशय यावा. आमच्या धंद्यात याला बॅक्रोनिम म्हणतात. शब्द आधी असतो, फुलफॉर्म मागून शोधला जातो. हा तसाच प्रकार आहे असा माझा दावा नाही. पण ज्यानं आयुष्यभर 'चिन्हांचा अर्थ लावताना कुठं थांबायचं' हे शिकवलं, त्याच्या नावाभोवतीच ही मोहात पाडणारी गोष्ट असावी, आणि त्यानं ती आनंदानं सांगावी, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

कारण १९८८मध्ये त्यानं 'फुकोज पेंड्युलम' लिहिली, आणि तिच्यात सापडलेल्या मुलाचा एक नातू आहे.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. (पुढं शेवट फुटणार आहे, पण या कादंबरीची मजा शेवटावर अवलंबून नाही.) मिलानमधल्या एका प्रकाशनसंस्थेत तीन संपादक आहेत: बेल्बो, दिओतालेव्ही आणि गोष्ट सांगणारा कासोबों. गुप्त पंथ, टेंपलर योद्धे, जगावर राज्य करणारी कारस्थानं असल्या विषयांवरची हस्तलिखितं त्यांच्याकडं ढिगानं येतात. कंटाळून तिघं खेळ म्हणून स्वतःच एक महाकारस्थान रचतात. काहीही कशालाही जोडायचं. त्याला ते 'द प्लॅन' म्हणतात. पुढं खरोखरचे वेडे या प्लॅनवर विश्वास ठेवतात आणि तो तिघांच्या अंगावर उलटतो. डॅन ब्राऊनच्या 'दा विंची कोड'च्या पंधरा वर्षं आधीची ही कादंबरी. डॅन ब्राऊन हे माझंच एक पात्र आहे, असं एको नंतर गमतीनं म्हणाला होता.

तिघांची ओळख होते त्या सुरुवातीच्या भागात एक भांडण आहे. कादंबरीवरच्या चर्चांत त्याची नोंद बहुतेक वेळा 'गमतीशीर संवाद' एवढीच होते. दिओतालेव्ही म्हणतो, मी ज्यू आहे. बेल्बो म्हणतो, नाहीस. दिओतालेव्ही पुरावा म्हणून आडनाव पुढं करतो. दिओ-ताल्लेव्ही, म्हणजे 'देव तुला वाढवो'. असली देवाचं नाव घेणारी नावं ज्यूंच्या वस्तीत असतात, असं त्याचं म्हणणं. बेल्बोच्या मते हे सापडलेल्या मुलांना पालिकेच्या कारकुनांनी दिलेलं शुभेच्छेचं नाव आहे. तुझे आजोबा सापडलेलं मूल होते. दिओतालेव्ही मागं हटत नाही. सापडलेलं होतं, पण ज्यू मूल सापडलं होतं. ते ज्यू नव्हते हे सिद्ध करून दाखव. शिवाय ते सापडले कुठं, तर रोमच्या ज्यू वस्तीजवळ!

हसू येतं. पण इथं थांबून दिओतालेव्हीची पद्धत बघा. एक, शब्दात खूण आहे. दोन, जागा जुळते. तीन, तसं नव्हतं हे कुणी सिद्ध करू शकत नाही. कादंबरीत पुढं पाचेकशे पानं जो प्लॅन उभा राहतो, त्याची सगळी यंत्रणा या तीन पायऱ्यांत आहे. टेंपलरांचा नायनाट ज्या तारखेला झाला ती तारीख कशाशी तरी जुळते, मग ती खूण. पॅरिसमधली एक इमारत विशिष्ट रेषेवर येते, मग जागा जुळली. आणि पुरावा नाही? तोच तर पुरावा, कारण गुपित लपवलेलं असतं. एकोनं कारस्थानाचं वेड परक्या माणसांत दाखवण्याआधी ते एका गोड, विद्वान, निरुपद्रवी माणसात दाखवलं, आणि त्यासाठी वापरलं त्याचं आडनाव.

गंमत अशी, की बेल्बोचं वाचनही तितकंसं निर्दोष नाही. 'दिओतालेव्ही म्हणजे सापडलेलं मूल' हे समीकरण त्याला पक्कं वाटतं. पण 'देव तुला सांभाळो' छापाची नावं मध्ययुगीन इटलीत लोक स्वतःच्या पोटच्या मुलांनाही ठेवत. पिसाचा प्रसिद्ध बाप्तिस्मामंडप बाराव्या शतकात ज्या वास्तुकारानं बांधायला घेतला त्याचं नाव दिओतिसाल्वी, म्हणजे 'देव तुला तारो'. बर्लिनमध्ये रफाएलच्या तरुणपणीचं एक चित्र आहे. ते 'मदोना दिओतालेव्ही' म्हणून ओळखलं जातं, कारण ते रिमिनी शहरातल्या दिओतालेव्ही नावाच्या उमराव घराण्याकडून आलं. म्हणजे त्याच आडनावाचा एक माणूस रफाएलचं चित्र घरात ठेवणारा उमराव असू शकतो आणि दुसऱ्याच्या आजोबांना कुणीतरी रस्त्यावरून उचलून आणलेलं असू शकतं. कोलोम्बोचंही तसंच. मिलानचे पुष्कळ कोलोम्बो रुग्णालयातले असतील, पण क्रिस्तोफोरो कोलोम्बो, म्हणजे आपला कोलंबस, जिनोआच्या विणकराचा मुलगा होता.

दिओतालेव्हीचे आजोबा सापडलेलं मूल होते ही कादंबरीतली वस्तुस्थिती आहे. पण ती वस्तुस्थिती आडनावातून निघत नाही. तिची नोंद वेगळी असते, वहीत.

*

एकोला हा प्रश्न किती महत्त्वाचा वाटत होता हे त्यानं १९९०मध्ये केंब्रिजला दिलेल्या व्याख्यानांत दिसतं. ती पुढं 'इंटरप्रिटेशन अँड ओव्हरइंटरप्रिटेशन' (१९९२) या पुस्तकात आली. त्याच पुस्तकात रिचर्ड रॉर्टी, जोनाथन कलर आणि क्रिस्तीन ब्रूक-रोझ यांनी त्याच्याशी वाद घातला आहे. त्यात एको स्वतःच्या पात्रांच्या नावांबद्दलही बोलतो. कासोबों हे नाव त्यानं इझाक कासोबों या विद्वानावरून घेतलं. हर्मीसच्या नावावर खपणारे 'प्राचीन इजिप्शियन' ग्रंथ प्रत्यक्षात ख्रिस्तानंतरचे आहेत, हे या विद्वानानं १६१४मध्ये भाषेच्या पुराव्यानं दाखवलं होतं. पण जॉर्ज एलियटच्या 'मिडलमार्च'मध्येही एक कासोबों आहे, सगळ्या पुराणकथांची एकच किल्ली शोधता शोधता संपून गेलेला. वाचकांनी तो धागा पकडू नये म्हणून एकोनं कादंबरीत एक वाक्य घातलं, तरी वाचकांनी तो पकडलाच. शीर्षकातला फुको म्हणजे १८५१मध्ये लंबक टांगून पृथ्वीचं फिरणं दाखवणारा लेओं फुको. पण १९८८च्या वाचकाच्या डोक्यात आधी आला तो मिशेल फुको. नाव ठेवणाऱ्याच्या हातात ते फार वेळ राहत नाही, याचा अनुभव एकोला लेखक म्हणून आला तो असा.

रॉर्टीचं म्हणणं असं, की मजकुराचा 'खरा' अर्थ आणि आपण त्याचा केलेला वापर यांत फरक करण्याचं कारण नाही. जे हवं त्यासाठी वापरा. एकोला हे मान्य नव्हतं. मजकुराचे पुष्कळ अर्थ निघतात, सगळेच बरोबर असतात असं नाही, आणि काही अर्थ साफ चुकीचे आहेत हे आपण सांगू शकतो, असा त्याचा आग्रह होता.

कादंबरीत हा आग्रह कासोबोंची जोडीदार लिया हिच्या तोंडी येतो. सगळा प्लॅन ज्या जुन्या कागदावर उभा आहे, तो कागद फ्रान्समधल्या प्रोव्हां गावचा. त्यावर तुटक शब्द आहेत. कारस्थानवाल्यांना त्यात टेंपलरांचा सहा शतकांचा आराखडा दिसतो. लिया शांतपणे वाचते आणि सांगते, ही एका व्यापाऱ्याची यादी आहे. गवत, कापड, गुलाब, कुठं काय पोचवायचं. प्रोव्हां गुलाबांसाठी आणि कापडासाठी प्रसिद्ध होतं, हे तिला साध्या माहितीपुस्तिकेतून कळतं. कादंबरीतलं हे सर्वांत उत्तम वाचन आहे आणि ते सर्वांत रटाळ आहे.

आडनावालाही लियाची रीत लावून बघा. दिओतालेव्हीचा रटाळ अर्थ काय? त्या दिवशी ड्युटीवर असलेल्या कारकुनाला ते सुचलं. कदाचित त्याला पोराची कणव आली असेल, कदाचित नसेल. त्यापलीकडं त्या शब्दात काही नाही.

*

आता त्या प्रसंगाकडं येते जो प्रोग्रामर मंडळींनी ही कादंबरी उघडावी म्हणून पुरेसा आहे. बेल्बो गायब होतो आणि त्याच्या कंप्युटरमध्ये काय आहे हे कासोबोंला बघायचं असतं. या कंप्युटरचं नाव अबुलाफिया. अक्षरांच्या फेरमांडणीतून देवापर्यंत पोचू पाहणाऱ्या तेराव्या शतकातल्या ज्यू गूढवाद्याचं हे नाव. स्क्रीनवर प्रश्न येतो, पासवर्ड माहीत आहे का? कासोबोंला वाटतं, पासवर्ड देवाचं नाव असणार. सहा रोमन अक्षरांत लिहिलेल्या त्या नावाचे ७२० क्रम तो बेसिक भाषेतल्या छोट्या प्रोग्रामकडून काढून घेतो आणि त्यांतले काही घालून बघतो. (जाता जाता: त्या सहांत एच दोनदा आहे, त्यामुळं एकमेकांपासून वेगळे क्रम ३६०च निघतात. प्रोग्रामनं डुप्लिकेट काढले असते तर यादी अर्धीच झाली असती.) रात्र सरते, काहीही चालत नाही. शेवटी वैतागून, थकून, तो त्या प्रश्नाचं सरळ उत्तर टाइप करतो: नाही. आणि कंप्युटर उघडतो.

वर्षानुवर्षं या प्रसंगाकडं चतुर विनोद म्हणून पाहिलं गेलंय. मला तो दिओतालेव्हीच्या भांडणाचा जोडप्रसंग वाटतो. तिथंही प्रश्न असाच होता: तुझं मूळ माहीत आहे का? दिओतालेव्हीनं अक्षरं उलटीसुलटी करून, देवाचं नाव त्यात शोधून, हवं ते उत्तर मिळवायचा प्रयत्न केला. 'नाही' हे एकच खरं उत्तर त्याला देता आलं नाही. कादंबरीनं ते उत्तर कासोबोंच्या बोटांत ठेवलं.

आणि इथं माझी या कादंबरीबद्दल तक्रार आहे.

कासोबोंचे आईबाप कोण हा प्रश्न कादंबरीत कुणी काढत नाही. बेल्बोला तर पिएमाँतमधलं गाव आहे, काका आहेत, युद्धातल्या आठवणी आहेत. कादंबरीतली सर्वांत हळवी पानं त्याच्या बालपणाची आहेत. ज्यांच्याकडं मूळ आहे त्यांना 'मूळ शोधू नका' हे तत्त्वज्ञान परवडतं. ज्याच्याकडं नाही, त्या दिओतालेव्हीला मात्र कादंबरी खुळचट ठरवते आणि मग शिक्षा करते. त्याला कर्करोग होतो. मरणाच्या दारात तो म्हणतो की आपण पवित्र अक्षरांशी खेळलो, त्यांची मनमानी फेरमांडणी केली, म्हणून माझ्या शरीरातल्या पेशी तसाच खेळ खेळताहेत. हे विधान दिओतालेव्हीचं आहे, एकोचं नाही, हे मान्य. पण कथानक त्याला खोडत नाही. ते त्याला मरू देतं, आणि उपमा वाचकाच्या डोक्यात नीट बसवून जातं. आजाराचं रूपक केलं की आजारी माणसावर अपराधाचं ओझं चढतं, हे सूझन सोंटॅगनं 'इलनेस ॲज मेटाफर'मध्ये १९७८लाच सांगितलं होतं. ओढूनताणून काढलेल्या अर्थांविरुद्धच्या या कादंबरीनं कर्करोगाचा मात्र अगदी तसाच अर्थ काढला आहे.

दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. कारस्थान शोधणाऱ्याची भूक आणि बेवारस माणसाची भूक कादंबरी एकाच ताटात वाढते. दोघंही चिन्हांत नसलेलं बघतात हे खरं. पण कारस्थानवाल्याला जगावर ताबा हवा असतो. दिओतालेव्हीला हवं होतं एक 'आपण'. शुक्रवारी संध्याकाळी काम थांबवायचं, एखाद्या ग्रंथाच्या समासात हजार वर्षं चाललेल्या वादात आपलंही मत मांडायचं, एवढंच. त्यानं ज्यू होणं निवडलं ते युरोपातल्या ज्यूंच्या संहाराला अर्धशतकही उलटलेलं नसताना. त्यात फायदा कसलाच नव्हता. बेल्बो त्याला सांगतो की ज्यू जन्मावा लागतो, पोस्टाची तिकिटं जमवण्यासारखं ते ठरवता येत नाही. बेल्बोचा हा मुद्दाही तपासायला हवा, कारण ज्यू धर्म रीतसर स्वीकारता येतो. दिओतालेव्हीनं 'मी ज्यू होतो आहे' म्हटलं असतं तर वाद संपला असता. पण त्याला 'होतो आहे' नको होतं, 'होतोच' हवं होतं. निवडीला रक्ताचा आधार हवा होता. त्याची खरी चूक मला इथं दिसते, आणि ती चूक एकटा दिओतालेव्ही करत नाही.

मराठी वाचकाला हे वेगळं समजवायला नको. नवीन माणूस ऑफिसात आला की 'पूर्ण नाव काय?' या प्रश्नाला आपल्याकडं दुसरा प्रश्न चिकटलेला असतो. आडनाव कळलं की गाव, जात, देव, जेवणात काय चालतं, असं सगळं आपण मनात भरून टाकतो, आणि आडनावावरून कळलं नाही तर 'मूळचे कुठले?' असं विचारून रकाना पुरा करतो. दिओतालेव्हीच्या त्या तीन पायऱ्या आपण रोज चढतो. फरक एवढाच, की तो त्या स्वतःवर चढत होता.

म्हणून मला 'फुकोज पेंड्युलम' फक्त कारस्थानवेडाविरुद्धची कादंबरी म्हणून वाचावीशी वाटत नाही. व्हॉट्सॲपवरची मुखवटा उतरवणारी लेखमाला म्हणून तिची शिफारस होते, ती बरोबरच आहे. फॉरवर्डची भाषा आणि प्लॅनची भाषा एकच आहे. पण तिच्या आत आणखी एक, न सुटलेलं प्रकरण आहे. ज्याच्या नावाचा उगम कारकुनाच्या टाकात होता अशा आजोबांच्या नातवानं ती लिहिली, आणि तिच्यात तसाच एक नातू घालून त्याची थट्टा केली, त्याच्यावर मायाही केली, आणि त्याला मारलं. एकोनं स्वतःच्या 'स्वर्गातून आलेल्या भेटी'ची गोष्ट सांगताना आणि दिओतालेव्हीचं 'देव तुला वाढवो' लिहिताना एकच जखम दोन प्रकारे झाकली असं मी म्हणणार नाही. तसं म्हटलं तर मीही त्या तीन पायऱ्या चढले असं होईल. पण दोन्ही नावं शेजारी ठेवून वाचली की कादंबरीतला तो 'गमतीशीर संवाद' गमतीशीर राहत नाही, एवढं नक्की.

वाचायची असेल तर विल्यम वीव्हरचा इंग्रजी अनुवाद (१९८९) चांगला आहे. पहिल्या काही प्रकरणांत लॅटिन, हिब्रू आणि यंत्रांच्या याद्या अंगावर येतात. तिथं पुस्तक मिटू नका. प्रत्येक संदर्भ गूगल करत बसायचीही गरज नाही, कारण प्रत्येक संदर्भाचा पाठलाग करण्याचं व्यसन हाच पुस्तकाचा विषय आहे. संपादकांची ओळख होईपर्यंत धीर धरा, मग गाडी पळते.

आणि एकोच्या आजोबांबद्दल एक शेवटची नोंद, या वेळी आडनावाबाहेरची. ते छापखान्यात टंकजुळारी होते. निवृत्तीनंतर लोकांची जुनी पुस्तकं बांधून द्यायचे. एको लहान असतानाच ते वारले. बांधणीला आलेली, पण कुणी परत न नेलेली पुस्तकं एका मोठ्या पेटीत भरून वडिलांच्या घराच्या तळघरात ठेवली गेली. कोळसा किंवा वाइनची बाटली आणायला खाली पाठवलेला पोरगा त्या पेटीपाशी रेंगाळायचा. ज्यूल व्हेर्न, मार्को पोलो, डार्विन. ज्या माणसाचे आईबाप कोण हे वहीत लिहिलेलं नव्हतं, त्याच्याकडून नातवाकडं काय आलं याचा हा साधा, तपासता येण्याजोगा हिशोब आहे. लियाला तो आवडला असता.